गुरुवारची गाडी

आमच्या गाडीचा पहिला नियम असा होता, की ज्याची गाडी असेल त्यानं ती चालवायची नाही.

हसलात ना? सगळे हसतात. मी हा नियम लग्नाच्या पंगतीपासून स्मशानातल्या बाकापर्यंत सगळीकडे सांगितला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारतंच, "मग गाडी घ्यायची कशाला हो?" हा प्रश्न आला की मी खुर्ची पुढे ओढतो. कारण पुढची गोष्ट शिरसाठ सरांची असते, आणि ती सांगायला मला निमित्तच हवं असतं.

आम्ही चौघं धुळ्यात देवपूरला राहायचो आणि शिरपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. रोज सकाळी महामार्गानं जायचं, संध्याकाळी यायचं. सोमवारी बोरसे मॅडमची गाडी, मंगळवारी माझी, बुधवारी महाजनची, गुरुवारी शिरसाठ सरांची. शुक्रवारी सगळे एसटीनं. "एक दिवस सगळ्यांच्या बॅटऱ्या झोपू द्यायच्या," असं सरांचं म्हणणं. बोरसे मॅडम केमिस्ट्री शिकवायच्या आणि ॲसिडची एक बाटली त्यांच्या जिभेवर कायम उघडी असायची. महाजन सिव्हिलचा, रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातला. त्यानं नवी चंदेरी गाडी घेतली होती आणि तिच्या सीटवरचं प्लास्टिक काढायचं त्याच्या जिवावर येत होतं. मी इंग्रजी शिकवतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना इंग्रजी शिकवणं म्हणजे वरातीत बासरी वाजवणं. नाचणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, पण वाजवणाऱ्याला जेवण मिळतं, म्हणून तो वाजवत राहतो.

शिरसाठ सर इलेक्ट्रॉनिक्सचे. उंच, किडकिडीत, खांदे किंचित पुढे झुकलेले, जणू कोणीतरी लांबून हाक मारतंय आणि त्यांना ती अर्धीच ऐकू आली आहे. इतरांच्या खिशात पेन असतं, सरांच्या खिशात पेन्सिल सेल. वर्गात एखादा पोरगा चुकीचं उत्तर द्यायचा तेव्हा ते रागवायचे नाहीत, खिशातला एक सेल काढून टेबलावर उभा करायचे आणि म्हणायचे, "हा घे. पुन्हा प्रयत्न कर." पोरं घरी जाताना तो सेल घेऊन जायची. दर सेमिस्टरला सरांचे किती सेल जात असतील कोण जाणे.

आणि त्यांचा शब्द होता, 'पोचलं.' तुम्ही त्यांना काहीही सांगा. उद्या मीटिंग आहे. पोचलं. तुमच्या शर्टाला शाई लागलीय. पोचलं. मी एकदा माझ्या नव्या नाटकाचा पहिला अंक त्यांना चालत्या गाडीत सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचून दाखवला. नरडाण्यापासून देवपूरपर्यंत. शेवटी श्वास रोखून विचारलं, "कसं वाटलं, सर?" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोचलं." मागच्या सीटवर बोरसे मॅडमनी पदर तोंडात कोंबला. मी आठवडाभर रुसलो होतो. मग एके दिवशी सरच म्हणाले, "मास्तर, बोलायला बॅटरी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. ऐकायलाही लागते. मी तुमचा अख्खा अंक ऐकला." माझ्या नाटकाचं इतकं मोठं कौतुक पुढं परीक्षकांनीही केलं नाही.

तर, नियम. सरांचं गाव पांझरेच्या काठी, शिंदखेड्याच्या बाजूला. तिथं त्यांच्या लहानपणी फड चालायचे. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, सगळ्यांची शेतं एका ठिकाणी, सगळ्यांचं पीक एक, आणि ज्याचं शेत त्यानं पाण्याला हात लावायचा नाही. पाणी द्यायला वेगळा माणूस नेमलेला, त्याला बारेकरी म्हणत. तो बांधावरून ओळीनं जायचा आणि एकामागून एक प्रत्येकाच्या वावरात पाणी सोडायचा. सरांचे वडील बारेकरी होते. त्यांचं स्वतःचं वावर नव्हतं. "ज्याच्या घरात वावर नाही, त्याच्याकडूनच पाणी नीट वाटलं जातं, असं गावाचं मत होतं," सर सांगायचे. हे सांगताना ते हसायचे नाहीत, म्हणून आम्हीही हसायचो नाही.

तोच नियम त्यांनी गाडीला लावला. "मालक चालवायला बसला की त्याला वाटतं, आपण उपकार करतोय. एसी बंद करतो. एखाद्याला चौकातच उतरवतो. दुसऱ्याची गाडी चालवणारा मात्र जपून चालवतो, कारण उद्या त्याची गाडी याच्या हातात जाणार असते." सकाळी मालकानं फाटकापाशी उभं राहून चावी दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायची. घेणाऱ्यानं म्हणायचं, "पोचली." मग मालकानं डावीकडं जाऊन बसायचं. गल्लीतले लोक चहाचे कप घेऊन ओट्यावर यायचे हा सोहळा बघायला. सरांची स्वतःची गाडी पांढरी, जुनी, लहानखुरी, आणि तिचं डावं दार आतून उघडायचं नाही. बाहेरून कोणीतरी उघडावं लागे. मी म्हटलं, "सर, एवढं दुरुस्त करून घ्या की." तर म्हणे, "कशाला? तुम्ही आहात ना."

सोनगीरला किल्ल्याखाली नानाची चहाची टपरी होती. तिथं थांबल्याशिवाय आमची गाडी पुढं गेली नाही. सोनगीर हे सरांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं माहेर, त्यामुळं नाना सरांना जावई म्हणून वागवायचा आणि जावयाची जेवढी चेष्टा करता येते तेवढी करायचा. आज कोणाची गाडी, हे तो रोज आपल्या अहिराणीत विचारायचा.

"सर, आज कोनी गाडी शे?"

"आज मनी शे, नाना."

"मालक शेतस तुम्ही, आनी गाडी चालावस दुसराच! सासरवाडीनं नाव बुडायं तुम्ही!"

सर बशीत चहा ओतत म्हणायचे, "पोचलं."

हे असं सुरळीत चाललेलं चित्र महाजननं बिघडवलं. त्याचा बुधवार आला की त्याची गाडी आजारी पडायची. कधी पंक्चर, कधी क्लच, कधी तिच्यातून सासूबाई नंदुरबारला गेलेल्या. बोरसे मॅडमनी विचारलं, "महाजन, तुमची गाडी गॅरेजमध्ये असते, की तुमच्याच घराला तुम्ही गॅरेज म्हणता?" मी तर त्याला काढूनच टाका म्हटलं. सर म्हणाले, "उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नाही. गाडी खरंच बिघडली असेल. बघून येऊ." आणि बुधवारी संध्याकाळी ते एकटे महाजनच्या घरी गेले.

गाडी अंगणात कापडाखाली उभी होती. धडधाकट. महाजननंच पुढं आम्हाला हे सांगितलं. त्याची मान खाली गेली होती. सरांनी कापड काढून गाडी बघितली, छान आहे म्हणाले, फडकं मागून घेतलं आणि दोघांनी मिळून काच पुसली. चहा घेतला आणि आले. पुढच्या बुधवारी सकाळी फाटकाशी सरांची पांढरी गाडी उभी. का, ते कोणाला सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी महाजन गाडी घेऊन आला, आणि चावी माझ्या हातावर ठेवताना त्याचा चेहरा लेक सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. आम्ही त्या प्लास्टिकला चिकटून शिरपूरला गेलो. उतरताना सीट आमची कातडी सोडत नव्हती.

"सर, तो सरळसरळ फसवत होता," मी नंतर म्हटलं. "तुम्ही त्याला तसंच सोडलंत?"

"मास्तर, चुकणाऱ्याला दर वेळी शिक्षा केली की एक दिवस सगळेच गप्प होतात. अधूनमधून एखाद्याला कारण नसताना माफ करावं लागतं. हे मी चांगुलपणानं म्हणत नाही. गणितात येतं."

हे गणित म्हणजेच सरांचा प्रबंध. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. जास्त कळलं असतं तर मी इंग्रजी शिकवत बसलो नसतो. समजा, एका शिवारात जागोजागी साबणाच्या डबीएवढे सेन्सर लावले. प्रत्येक डबी आपल्या पायाखालच्या मातीची ओल मोजते. तिचा आवाज लहान, शेजारच्या डबीपर्यंतच जातो. मग शेजारची डबी तो निरोप पुढच्या डबीला सांगते, ती त्याच्या पुढच्या, असं करत तो विहिरीवरच्या शेवटच्या डबीपर्यंत जातो. पण प्रत्येकीची बॅटरी छोटी. दुसऱ्याचा निरोप पुढं नेला की आपली बॅटरी उतरते. मग एखादी डबी म्हणाली, मी माझंच सांगेन, दुसऱ्याचं नेणार नाही, तर? सगळ्याच तसं म्हणाल्या, तर? शिवार मुकं होतं. डब्यांनी एकमेकींचं ओझं का वाहावं, आणि कोणी गप्प बसली तर बाकीच्यांनी काय करावं, याचं गणित सर वर्षानुवर्षं मांडत होते.

जळगावला त्यांची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि विचारलं, "शिरसाठ, सगळ्या डब्या एकाच मालकाच्या. त्यानं सांगितलं तसं त्या वागणार. मग तुमच्या डब्यांना स्वार्थ कुठून आला?"

सर म्हणाले, "पोचलं."

आणि गप्प. तिथं बसलेल्यांना वाटलं, ते उत्तराची तयारी करतायत. ते तयारी करत नव्हते, प्रश्न त्यांना खरोखरच लागला होता. प्रबंध परत आला. वेगवेगळ्या मालकांच्या डब्यांवर प्रयोग करा आणि मग या, असा शेरा. परतीच्या वाटेवर एरंडोलला त्यांनी तो शेरा पुन्हा वाचला. पारोळ्याला ते म्हणाले, "बरोबर विचारलं त्यांनी. मला त्यांना उत्तर द्यायचंय." त्यानंतर सरांना आयुष्यात काय हवं होतं, हे आमच्या गाडीतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांना त्या खोलीत परत जाऊन एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

वेगवेगळे मालक महाजननं मिळवून दिले. त्याच्या गावात त्याच्या वडिलांची, आबांची केळीची बाग; तिच्या बांधाला लागून आबांच्या चुलतभावाची, नानांची (हे नाना वेगळे, टपरीवाला नव्हे); पुढं आणखी भाऊबंदांची. सरांनी प्रत्येकाला एकेक डबी दिली. डबी तुमची, सेल तुमचे, सांभाळायची तुम्ही. निरोप मात्र एकमेकांचे न्यायचे. सुरुवातीला सगळं झकास चाललं. आबा मोबाईलवर मातीची ओल बघायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे, जसा काही नातवाचा फोटो.

मग केळी वाढली. पानं मोठी झाली आणि एके सकाळी आबांचा निरोप विहिरीपर्यंत गेलाच नाही. मधली डबी नानांची. आबांनी ताडलं, की नान्यानं मुद्दाम केलं. त्यांनी आपल्या डबीतले सेल काढून घेतले. नानांनी ते बघितलं आणि आपले काढले. पलीकडच्यानं दोघांचं बघून आपले. आठवड्यात शिवार ठार मुकं.

आम्ही चौघं रविवारी तिकडं गेलो. आबा बांधावरच उभे होते.

"त्यानं मह्या डबीचा निरोप दाबला. मंग मी काहून त्याचा नेऊ?"

बांधाच्या पलीकडून नाना ओरडले, "मी काय दाबतो? मले ते डबडं उघडता बी येत नही!"

"उघडता येत नही तर सेल कसे काढले रे?"

नाना केळीच्या पानाआड गेले. आणि सेल गेले कुठं? आम्ही घरोघर चहा प्यायलो, तेव्हा कळलं. आबांच्या भिंतीवरच्या घड्याळात. नानांच्या टॉर्चमध्ये. एका घरी टीव्हीच्या रिमोटमध्ये. त्या गावातली सगळी घड्याळं त्या महिन्यात बिनचूक चालत होती. मला सरांची काळजी वाटली. एवढ्या वर्षांची मेहनत भिंतीवर टिकटिक करत होती. मी वळून बघतो तर सर केळीच्या झाडाला धरून हसतायत. त्यांना इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, स्वार्थी निघाल्या! माझ्या डब्या स्वार्थी निघाल्या हो!"

मग ते शांतपणे आबांना घेऊन बागेत गेले. दहिवरानं ओलीगच्च झालेली पानं दाखवली. ओलं पान डबीचा आवाज गिळतं. नानांनी काहीच केलं नव्हतं. "आबा, तुम्हाला उत्तर आलं नाही, एवढंच खरं होतं. नकार तुम्ही लावलात." आबांनी ते पान बोटानं पुसलं. सरांनी डब्या उंच काठ्यांवर बांधल्या आणि प्रत्येकीला एक हिरवा दिवा बसवला. शेजाऱ्याची डबी तुमचा निरोप पुढं नेते आहे, तेव्हा तो लुकलुकायचा. महिन्याभरानं महाजन सांगत होता, की सकाळी आबा बांधावरून ओरडतात, "नान्या, दिवा लागला रे!" आणि पलीकडून, "मंग? लागनारच!" एवढंच त्या दोघांचं बोलणं, पण ते बऱ्याच वर्षांनी होत होतं. तो अख्खा उन्हाळा शिवार बोलत राहिलं. सरांनी प्रबंध पुन्हा दिला. तोंडी परीक्षेची वेळ ठरली. सोनगीरला नानाच्या टपरीवर मी परीक्षक व्हायचो, चष्मा काढून विचारायचो, "डब्यांना स्वार्थ कुठून आला?" आणि सर बशी खाली ठेवून तोंड उघडायचे. मग विचार बदलून म्हणायचे, "इथं नाही. ते तिथंच सांगीन."

आमच्या गाडीच्या इतिहासात पहिला नियम एकदाच मोडला गेला. तो बुधवार होता. सर प्रयोगशाळेत शिकवत होते. हातातला खडू पडला, तो उचलायला वाकले आणि उठलेच नाहीत. पोरांनी उचलून आणलं. महाजननं कोणाच्या हातात चावी दिली नाही, तो स्वतः बसला आणि त्यानं स्वतःची गाडी अशी हाणली, की मागं सरांचं डोकं मांडीवर घेतलेल्या बोरसे मॅडम पूर्णवेळ डोळे मिटून होत्या. वाटेत सरांना उलटी झाली. सोनगीरच्या पुढं त्यांनी क्षणभर डोळे उघडले, आणि मालक गाडी चालवतो आहे हे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, हे मी शपथेवर सांगतो. बोरसे मॅडम म्हणतात, माझा भास होता. असेल. महाजनच्या सीटवरचं प्लास्टिक त्या दिवसानंतर दिसलं नाही, एवढं मात्र त्याही मान्य करतात.

सर वाचले. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय. किती पोचतंय ते सांगता येणार नाही. तो शब्द ऐकून वहिनी पहिल्यांदा रडल्या.

परीक्षा राहिली. तोंडी परीक्षा होती ती.

सुरुवातीला देवपूरच्या त्या घरापुढं चपला मावत नव्हत्या. लोक यायचे, खुर्ची ओढून बसायचे, सरांच्या कानाशी मोठ्यानं बोलायचे, मग उत्तराची वाट बघायचे. सर बघत राहायचे. लोक पंख्याकडं बघायचे, चहा प्यायचे, "आराम करा" म्हणून उठायचे. हळूहळू चपला कमी झाल्या. दोष कोणाला देणार? बोललेलं पोचलं की नाही हे कळत नसताना बोलत राहायला माणसाला फार बॅटरी लागते. माझी गोष्ट वेगळी. माझ्यासारख्याला मधे न बोलणारा श्रोता म्हणजे सणच. मी जायचो आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढायचो.

सरांची मुलगी जळगावात शिक्षिका. ती म्हणाली, आता तिकडंच चला. इथं कोण येतंय? सामानाची बांधाबांध सुरू होणार, असं दिसायला लागलं.

आमची गाडी तिघांची झाली होती. गुरुवारी आम्ही एसटीनं जात होतो. एकदा नानाच्या टपरीवर बोरसे मॅडम म्हणाल्या, "आता गुरुवारचं काहीतरी ठरवायला हवं. तिघांत वाटून घेऊ." मी मान हलवली. महाजन चहात बघत होता. त्यानं सावकाश कप खाली ठेवला.

"वाटून काय घ्यायचं? गुरुवार सरांचा आहे."

"अहो, पण ते चालवणार कसे?"

"ते कधी चालवत होते?" महाजन म्हणाला. "गाडी त्यांची, चालवणार दुसरा, ते डावीकडं बसणार. नियमात बदललंय काय, मॅडम?"

बोरसे मॅडम उठल्या आणि किल्ल्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही सरांच्या फाटकाशी. वहिनींना सगळं आधी सांगितलं होतं: जाताना तुम्हा दोघांना सोनगीरला तुमच्या भावाकडं सोडायचं, येताना घ्यायचं. वहिनी नवं लुगडं नेसून, माहेरी निघालेल्या बाईच्या घाईनं चावी घेऊन पुढं आल्या. महाजननं हात मागं घेतला.

"वहिनी, चावी मालकाच्या हातून घ्यायची असते."

सर ओट्यावर खुर्चीत होते. वहिनींनी चावी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली. महाजननं आपला हात त्याखाली धरला आणि उभा राहिला. गल्लीतले लोक ओट्यांवर आले होते, पण कप कोणाच्या हातात नव्हते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग सरांची मूठ सैल झाली, आणि चावी पडली.

"पोचली, सर," महाजन म्हणाला.

तो सगळा हिवाळा गुरुवार असेच गेले. डावं दार आम्ही बाहेरून उघडायचो, बाहेरून लावायचो. सोनगीरला नाना गाडीच्या खिडकीशी बशी घेऊन यायचा आणि पूर्वीसारखंच विचारायचा, "सर, आज कोनी गाडी शे?" तो थांबायचा. पुरेसा थांबायचा. मग म्हणायचा, "तुमनीच शे. माले माहीत शे." आणि बशी सरांच्या ओठांना लावायचा. मुलगी जळगावहून न्यायला आली, तेव्हा वहिनी तिला दारातच म्हणाल्या, "नको, बाय. त्यांचा गुरुवार असतो."

मूठ सुटायला दर वेळी थोडा जास्त वेळ लागू लागला. आमचे पहिले तास बुडायला लागले. प्राचार्यांनी एकदा बोलावलं, बोरसे मॅडम आत जाऊन आल्या, आणि पुन्हा कोणी बोलावलं नाही.

उन्हं तापायच्या आधीच सर गेले. त्या आठवड्यात गुरुवार आलाच नाही. आबा आणि नाना रावेरहून एकाच गाडीतून आले होते, एवढं सांगतो आणि ते तिथंच सोडतो, कारण मला सांगायचा आहे तो त्याच्या आधीचा गुरुवार.

त्या सकाळी मूठ सुटली नाही. चावी त्यांच्या मुठीत तशीच राहिली असं सांगितलं तर गोष्ट फार सुंदर होईल, पण दुपारी झोपेत ती आपोआप सुटली आणि वहिनींनी चावी खिळ्याला लावली. ते दुपारचं. सकाळी मात्र महाजन तळहात धरून उभा होता, आणि मूठ घट्ट होती. वहिनी कासावीस झाल्या. "द्या ना हो, त्यांना उशीर होतोय," म्हणत त्या बोटं सोडवायला वाकल्या.

"राहू द्या, वहिनी," महाजन म्हणाला. "उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नाही."

आणि तो पायरीवर बसला. बोरसे मॅडमनी पर्स ओट्यावर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसल्या. मीही बसलो, आणि त्या दिवशी कोणताच आवाज काढला नाही. समोर पांढरी गाडी उभी होती, तिचं डावं दार आम्ही आधीच उघडून ठेवलं होतं. सरांनी महाजनकडं पाहिलं, मग मॅडमकडं, मग माझ्याकडं, ओळीनं, कोणाला न वगळता, बांधावर उभा माणूस वावरं बघत जातो तसं. मग त्यांची नजर त्या उघड्या दाराकडं गेली आणि तिथंच राहिली.

ऊन पायरीवर आलं. आम्ही कोणी हललो नाही.